गहाण पडलेले सोने

पानिपत, प्लासी, अष्टी! वर्गात इतिहास शिकविताना राज्यांचे पराभव मी सांगतो ते बहुधा रणांगणावरचे. पण १९९१ साली आपल्या स्वतंत्र देशावर जो प्रसंग गुदरला, त्यात एकही गोळी सुटली नाही.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. ते भांडण आपले नव्हते. पण तेल महागले, आखातात राबणाऱ्या आपल्या माणसांकडून येणारा पैसा आटला, आणि परदेशस्थ भारतीय येथील बँकांतल्या ठेवी काढून घेऊ लागले. सरकारचा खर्च तर आधीच मिळकतीबाहेर गेला होता. १९९१ च्या मध्यास परकीय चलन उरले ते जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते.

मग अडल्या घरात जे करतात तेच झाले. चंद्रशेखर यांचे सरकार असताना, मे महिन्यात, जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला गेले. नरसिंह राव यांच्या सरकारात, जुलैमध्ये, रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला रवाना झाले. ‘सोने आमच्याच तिजोरीत राहू द्या, कागद घ्या,’ म्हणून भागण्यासारखे नव्हते. बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांनी त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर दिले. त्याच महिन्यात रुपयाचे मोल दोनदा उतरविले गेले आणि परवान्यांची पकड सैल झाली.

कुणी म्हणाले, सार्वभौमत्व विकले. कुणी म्हणाले, बेड्या तुटल्या. मला दोन्ही बोलणी अर्धी वाटतात. परक्याच्या तेलावर ज्याची चूल पेटते, त्या कारभाऱ्याची सत्ता उंबरठ्यापाशी संपते, हे खरे. परंतु पत बुडवायची की दागिना गहाण टाकून राखायची, हे अखेर त्यानेच ठरविले. कर्ज त्याच वर्षी फिटले. २००९ साली तर रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडून २०० टन सोने रोख विकत घेतले!

सल मात्र एक राहतो. देशाला ही गोष्ट कळली ती सोने निघाल्यावर, वृत्तपत्रातून. बाहेरच्या सावकारापुढे सरकारचे हात बांधलेले असतील. पण स्वतःच्या माणसांपुढे तोंड तर मोकळे होते ना? वाचकहो, गळ्यातली बोरमाळ गहाण टाकायची झाली, तरी शहाणा कारभारी आधी गृहिणीला विचारतो.