ओकच्या लाकडातला पर्णमुखी चेहरा

इंग्लंडमधील मध्ययुगीन चर्चच्या लाकूडकामात, विशेषतः तेराव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यान घडवलेली बाके, छताच्या तुळया आणि आसनांचे कठडे यांवर, एक चेहरा पुनःपुन्हा आढळतो. कधी त्याच्या तोंडातून वेली बाहेर पडतात, कधी नाकपुड्यांतून, कानांतून किंवा थेट डोळ्यांतून फांद्या फुटतात, तर कधी गाल, भुवया आणि दाढी हीच पानांची बनलेली असतात. अभ्यासक या आकृतीला पर्णमुख म्हणतात आणि सर्वसामान्य लोक तिला ‘ग्रीन मॅन’ या नावाने ओळखतात. ज्या धर्मस्थळांत प्रत्येक संताच्या मूर्तीला कथा होती, त्याच ठिकाणी शेकडोंच्या संख्येने कोरल्या गेलेल्या या चेहऱ्याला समकालीन कागदपत्रांत ना कथा आहे ना नाव. त्यामुळे त्याचा इतिहास लिहिताना लाकूड आणि त्यावरील हत्यारांच्या खुणा यांनाच पहिला पुरावा मानावे लागते. पुढच्या काळात या चेहऱ्याला जोडले गेलेले अर्थ हा त्याच्या इतिहासाचा दुसरा, वेगळा भाग आहे.

हा आकार इंग्लंडमध्ये जन्मलेला नाही आणि मुळात तो लाकडातलाही नाही. रोमन शिल्पकार इमारतींच्या सजावटीत पानांचे मुखवटे कोरत असत, आणि सहाव्या शतकात ट्रिअर येथील बिशप निसेटियस याने कॅथीड्रलची दुरुस्ती करताना जुन्या रोमन वास्तूतील असे मुखवटे कोरलेले स्तंभशीर्ष पुन्हा वापरले, त्यामुळे एका मूर्तिपूजक वास्तूची सजावट ख्रिस्ती उपासकांच्या डोळ्यांसमोर शतकानुशतके राहिली. तेराव्या शतकातील फ्रेंच कारागीर व्हिलार द ऑनेकूर याच्या रेखाटनवहीत पानांनी बनलेली डोकी काढलेली आहेत. अशा वह्या आणि गावोगावी फिरणारे कारागीर यांच्यामार्फत हा नमुना दगडातून लाकडात आणि एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला असावा. मर्सिया मॅकडरमॉट या अभ्यासिकेने तर त्याचे मूळ भारतात शोधले आणि अरबांच्या साम्राज्यातून तो युरोपात पोहोचल्याचे सुचवले. हे मत सर्वमान्य नाही, परंतु मराठी वाचकाला त्यातील साम्य चटकन जाणवेल, कारण महाराष्ट्रातील यादवकालीन मंदिरांच्या उंबरठ्यांवर कोरलेले कीर्तिमुख हेही धड नसलेले, वटारलेल्या डोळ्यांचे तोंडच आहे. फरक असा की, शिवाच्या आज्ञेने स्वतःचेच शरीर खाऊन टाकणाऱ्या गणाची कथा कीर्तिमुखामागे पुराणांनी उभी केली, तर ओकमधल्या चेहऱ्यामागे अशी कोणतीही कथा सांगितलेली सापडत नाही.

लाकडातील पर्णमुखाचे सर्वांत लक्षवेधी स्थान म्हणजे मिझेरिकॉर्ड. मठवासी भिक्षूंना दिवसातून अनेक वेळा होणाऱ्या प्रार्थना उभ्याने म्हणाव्या लागत. वृद्ध आणि दुबळ्या भिक्षूंना थोडा आधार मिळावा म्हणून त्यांच्या बाकांची आसने बिजागरीवर उचलता येतील अशी केलेली असत आणि उचललेल्या आसनाच्या खालच्या बाजूस एक छोटी फळी पुढे आलेली असे, जिच्यावर उभ्या उभ्या टेकता येई. दया असा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दावरून या फळीला मिझेरिकॉर्ड म्हटले गेले. फळीला खालून पेलणारा जो लाकडाचा भाग, त्यावर कोरीवकाम केले जाई, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वेलीच्या देठाने जोडलेली दोन लहान चित्रे कोरण्याची पद्धत ही खास इंग्रजांची होती. आसन, टेकण्याची फळी, मधले शिल्प आणि बाजूची चित्रे हे सारे सामान्यतः सुमारे दोन फूट रुंदीच्या एकाच जाड ठोकळ्यातून काढलेले असे. त्यात काहीही मागाहून चिकटवलेले नसे, त्यामुळे कोरताना नाकाचा शेंडा उडाला तर तो परत बसवण्याची सोय नव्हती.

या कामासाठी ओकच का निवडला गेला, हे लाकडाच्या घडणीवरून समजते. वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात रुंद पानांच्या वृक्षांचे लाकूड ते कठीण लाकूड, आणि सूचिपर्णी वृक्षांचे ते मऊ लाकूड. ओक पहिल्या वर्गातला असून प्रत्यक्षातही कठीण आहे. त्याच्या गाभ्यातील टॅनिन या कडवट द्रव्यामुळे कीड आणि बुरशी यांना तो दीर्घकाळ दाद देत नाही, मात्र बाहेरचे कोवळे लाकूड लवकर पोखरले जाते म्हणून ते तासून टाकावे लागे. खोडात पाचरी ठोकून ते केंद्रापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने फोडले की मिळणाऱ्या फळ्या वाळताना कमी आकसतात, कमी वाकतात आणि कमी तडकतात. ताजा तोडलेला ओक हत्याराखाली बऱ्यापैकी नरम असतो, तोच जुना झाला की पटाशीची धार बोथट करतो. म्हणून सुतार शक्यतो ओल्या लाकडावरच काम उरकत.

आसनाच्या फळीतील तंतू डावीकडून उजवीकडे जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे मिझेरिकॉर्डवरील पर्णमुखाची रचना वेगळ्या दृष्टीने दिसू लागते. चेहऱ्याचे नाक उभे, तर लाकडाचे तंतू आडवे. त्यामुळे नाकाच्या कडेने पटाशी चालवताना प्रत्येक घाव तंतूंना छेदतो आणि हत्याराला पुरेशी धार नसेल तर कड फाटते. याउलट ओठांच्या दोन कोपऱ्यांतून निघून दोन्ही बाजूंना पसरणारे देठ तंतूंच्याच दिशेने धावतात, म्हणून ते बारीक कोरले तरी टिकतात. देठाच्या टोकाचे पान जिथे तंतूंना आडवे जाते तिथे कुशल कारागीर ते सुटे, अधांतरी न ठेवता गालावर टेकवतो किंवा वळवून पुन्हा चौकटीला भिडवतो. डोळ्यांच्या खोबणी गोल तोंडाच्या पटाशीने खोल खणलेल्या असतात, कारण हे काम मेणबत्तीच्या तिरप्या, तोकड्या उजेडात पाहिले जाणार होते आणि अशा उजेडात चेहरा ओळखू येतो तो मुख्यतः सावलीवरून. तोंडातून दोन्ही बाजूंना वेली सोडणारा चेहरा मिझेरिकॉर्डवर इतका लोकप्रिय ठरण्यामागे धर्मकल्पनांइतकेच लाकडाचे हे वळणही कारणीभूत असावे, असे मानण्यास जागा आहे.

हे काम करणाऱ्यांची नावे फार थोडी उरली आहेत, म्हणून विंचेस्टर कॅथीड्रलच्या बाकांशी निगडित असलेला विल्यम लिंगवुड हा सुतार महत्त्वाचा ठरतो. नॉरफोकचा रहिवासी असलेल्या या सुताराला आपल्या गावाकडील जमीनदारी न्यायालयात हजर राहावे लागू नये, म्हणजे त्याला हाती घेतलेले काम पुरे करता येईल, अशी विनंती विंचेस्टरच्या बिशपने 1308 मध्ये नॉरिचच्या बिशपला पत्राने केली होती. दूरच्या परगण्यातून सुतार बोलावला जात होता आणि त्याच्यासाठी बिशप शब्द टाकत होता, यावरून या कसबाला किती मोल होते ते कळते. लिंकन कॅथीड्रलमधील 1370 च्या सुमाराची बाके या परंपरेचा बहर दाखवतात, आणि पर्णमुखही त्यांत आहे.

पंधराव्या शतकात हा चेहरा मठांतून व कॅथीड्रलमधून खेडेगावच्या चर्चमध्ये मोठ्या प्रमाणावर उतरला. डेव्हन परगण्यातील सॅम्पफर्ड कोर्टनीसारख्या गावांत लाकडी कमानदार छताच्या पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे सांधा झाकण्यासाठी बसवलेल्या ओकच्या ठोकळ्यांवर तो दिसतो. हे ठोकळे खालून, बऱ्याच अंतरावरून पाहायचे असल्याने त्यांवरील काम ठसठशीत आहे; बारकावे गाळून कपाळ, गाल आणि पाने यांचे मोठे उठाव तेवढे ठेवलेले दिसतात. शेजारच्या सॉमरसेटमध्ये क्रोकम येथील चर्चच्या बाकाच्या कडेवर 1534 हे साल कोरलेले आहे, आणि तिथल्या एका पर्णमुखाच्या तोंडातून वेल तर कानांतून माशाच्या शेपटीची माणसे बाहेर पडताना दाखवली आहेत. त्याच वर्षी इंग्लंडचे चर्च पोपच्या सत्तेपासून कायद्याने वेगळे झाले. पुढील काही वर्षांत मठ बंद करण्यात आले आणि संतांच्या असंख्य मूर्ती फोडल्या गेल्या. आसनाखालच्या पर्णमुखाची मात्र कोणी पूजा करत नव्हते, त्यामुळे मूर्तिभंजकांना त्यात फोडण्याजोगे फारसे काही वाटले नसावे.

या चेहऱ्याचा अर्थ लावण्याचा मोठा प्रयत्न झाला तो चार शतकांनंतर. लेडी रॅग्लन यांनी वेल्सच्या सीमेवरील लँग्वम येथील चर्चमध्ये असा चेहरा पाहिला आणि 1939 मध्ये ‘फोकलोर’ या नियतकालिकातील लेखात त्याला ‘ग्रीन मॅन’ हे नाव देऊन त्याचा संबंध वसंतोत्सवात पानांनी मढून नाचणाऱ्या माणसाशी, रॉबिन हुडशी आणि ख्रिस्तपूर्व वृक्षपूजेशी जोडला. कलेतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर यांच्या इंग्लंडमधील इमारतींवरील ग्रंथमालेने हे नाव उचलले आणि ते रूढ झाले. परंतु रॉय जज यांनी 1979 मध्ये दाखवून दिले की, पानांनी मढून नाचण्याची ती प्रथा मुख्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या कामगारांमधली आहे; म्हणजे तिचा आधार घेऊन मध्ययुगीन कोरीवकामाचा अर्थ लावता येत नाही. त्याआधी एक वर्ष वनस्पतिशास्त्राची जाण असलेल्या कॅथलीन बॅसफर्ड यांनी आपल्या ग्रंथात या चेहऱ्यांची छायाचित्रे एकत्र मांडून सांगितले की, त्यांपैकी बहुसंख्य चेहरे आनंदी नाहीत. ते वेदनेने पिळवटलेले, दचकलेले किंवा क्रूर आहेत. नवव्या शतकातील धर्मपंडित राबानुस माउरुस याने पानांना देहवासनेचे प्रतीक मानले होते, हे त्यांनी या संदर्भात पुढे आणले. मेलेल्या आदमच्या जिभेखाली ठेवलेल्या बीजांतून क्रूसाचे झाड उगवले, ही मध्ययुगात प्रचलित असलेली कथाही काही अभ्यासकांना यासाठी जवळची वाटते. वृक्षदेवतेच्या कल्पनेपेक्षा ही दोन्ही स्पष्टीकरणे अधिक पटणारी आहेत, कारण ती त्या कारागिरांच्या काळातील विचारविश्वातून येतात. तरीही सर्व चेहऱ्यांना एकच अर्थ लागू पडेल, असे मानणे योग्य होणार नाही.

लेडी रॅग्लन यांचा सिद्धान्त इतिहास म्हणून टिकला नसला तरी त्याने नवी कला घडवली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड आणि अमेरिका येथे हौशी व व्यावसायिक काष्ठशिल्पी वनदेवतेचा चेहरा जाणीवपूर्वक कोरू लागले. अमेरिकेत तो बहुधा लांब दाढीचा म्हातारा असतो, त्याची दाढी लाकडाच्या उभ्या तंतूंबरोबर खाली वाहते, आणि गाठ किंवा साल जिथे असेल तिथे ती कपाळाचा वा केसांचा भाग बनवली जाते. तिसरे चार्ल्स यांच्या 2023 मधील राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवर अँड्र्यू जेमिसन यांनी रंगवलेला पर्णमुखी चेहरा होता आणि राजवाड्याने त्याची ओळख ब्रिटिश लोककथांमधील प्राचीन, वसंत व पुनर्जन्माचे प्रतीक असलेली आकृती अशी करून दिली. लिंकनच्या सुताराला ही ओळख परकी वाटली असती, परंतु आज हातात पटाशी घेऊन ओकच्या ठोकळ्यासमोर बसणाऱ्या अनेकांसाठी तीच खरी आहे, आणि नाकाच्या कडेला तंतू फाटू नयेत म्हणून त्यांनाही लिंकनच्या सुताराइतकीच धार जपावी लागते.