एकच भिंत किती वेळा काढायची? : त्रिमितीय आज्ञावली आणि द्विमितीय रेखाटन

वास्तुरेखनाच्या वर्गात एक दृश्य आपल्या परिचयाचे आहे. विद्यार्थी रेव्हिट उघडतो आणि भिंतीचे साधन न वापरता दोन समांतर रेषा ओढून भिंत दाखवतो. प्लॅन बिनचूक उतरतो. पण सेक्शन काढायला घेतला की भिंत तेथे नसते. हा दोष केवळ विद्यार्थ्याचा आहे काय? या आज्ञावली कोणत्या गरजेतून निर्माण झाल्या, हे पाहिल्यास उत्तर मिळू शकेल.

१९६३ मध्ये एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' ही आज्ञावली सादर केली. प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेषा काढता येऊ लागल्या. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड आले व अशी सोय वैयक्तिक संगणकावर उपलब्ध झाली. ड्रॉइंग बोर्डाची जागा पडद्याने घेतली. कामाची पद्धत मात्र तीच राहिली. प्लॅनमधील खिडकी सरकवली की एलिव्हेशन आणि सेक्शनमध्येही ती वेगळी सरकवावी लागे.

नेमक्या याच उणिवेवर कार्नेगी-मेलन विद्यापीठातील चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्येच बोट ठेवले होते. एकच वस्तू अनेक नकाशांत पुन्हा पुन्हा काढावी लागते, एखादा बदल कोठेतरी राहून जातो आणि नकाशे परस्परांशी जुळत नाहीत. म्हणून इमारतीचे एकच वर्णन संगणकात साठवावे व त्यातून सर्व नकाशे काढावेत, असा त्यांचा विचार होता. १९८२ मध्ये बुडापेस्ट येथे स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्ट कंपनीचे आर्चिकॅड आणि २००० मध्ये आलेले रेव्हिट ही या विचाराची व्यावहारिक रूपे होत.

तथापि द्विमितीय रेखाटन संपले नाही. २००० मध्येच आलेले स्केचअप मुख्यतः त्रिमितीय संकल्पना झटपट मांडण्यासाठी होते. परंतु प्रमाणबद्ध, मापे लिहिलेले नकाशे तयार करण्यासाठी पुढे त्याच्या व्यावसायिक आवृत्तीला 'लेआउट' हे साधन जोडावे लागले. बांधकाम परवानगी देणारे कार्यालय, ठेकेदार आणि गवंडी यांना कागदावरील मापेच हवी असतात. १:५ प्रमाणातील खिडकीच्या चौकटीचा तपशील पूर्णपणे त्रिमितीत घडवणे बहुधा श्रमाचा अपव्यय ठरतो. म्हणूनच रेव्हिटमध्येही निव्वळ रेषांच्या रेखाटनासाठी स्वतंत्र सोय आहे.

सारांश, रेषा काढणे ही चूक नव्हे. चूक जागेची आहे. जे अंग एकाहून अधिक नकाशांत दिसणार, ते प्रतिकृतीत घडवावे. जे एकाच नकाशापुरते आहे, ते रेषांनी दाखवावे. हे विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी व्याख्यान पुरणार नाही. सुंदर प्लॅनला लगेच गुण न देता शिक्षकांनी एक खिडकी दोन फूट सरकवायला सांगावी आणि मग सेक्शन व एलिव्हेशन तपासावे. विद्यार्थ्याने इमारत घडवली की केवळ तिचे चित्र काढले, हे तेथेच कळेल.