गंधतैल आणि देहप्रकृति

सुगंधी तैलांपैकीं उत्तम कोणतें, असा प्रश्न नेहमीं विचारला जातो. उत्तम तें कोणाच्या अंगावर, हें अगोदर ठरविलें पाहिजे, असें आमचें मत आहे. व प्राचीन ग्रंथ या मतास अनुकूल आहेत.

वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचिलेल्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. मंजिष्ठा, व्याघ्रनख, शुक्ति, दालचिनी, कोष्ठ इत्यादिकांचें चूर्ण तेलांत घालून उन्हांत तापविलें असतां त्यास चाफ्याचा वास येतो, असें तो सांगतो. चाफ्याचें फूल मात्र त्यांत नाहीं. पुढें सोळा द्रव्यांतून चार चार घेऊन १८२० गट व प्रत्येकाचे ९६ भेद, म्हणजे एकंदर १,७४,७२० गंध, असें गणित येतें.

इतक्यांतून निवड कशी करावी? येथें वैद्यकाकडे वळावें लागतें. पित्तप्रकृति मनुष्याच्या काखा, मुख, मस्तक व शरीर यांस दुर्गंधि अधिक येते, असें चरकसंहितेच्या विमानस्थानांत आहे; सूत्रस्थानांत हेमंतांत अगुरूचा व ग्रीष्मांत चंदनाचा लेप सांगितला आहे. त्वचेवरील सूक्ष्म जंतूंची घामावर क्रिया होऊन अंगगंध उत्पन्न होतो, व ते जंतु व्यक्तिपरत्वें भिन्न असतात, हें आधुनिक शास्त्राचेंही सांगणें आहे.

सबब अत्तर केवळ कुपींतून हुंगून घेऊं नये. मनगटावर एक थेंब लावून घटकाभरानें पारखावें. गंधशास्त्राच्या अभ्यासकांनीं बृहत्संहितेबरोबर चरकही उघडावा, एवढीच आमची सूचना आहे.