वेरोनाच्या मृत्युनोंदी ते धाराशिवची गावे : एका कर्करोगाच्या कारणाचा शोध

१/९
१८४२ साली डोमेनिको रिगोनी-स्टर्न या इटालियन शल्यवैद्याने एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा आधार रुग्णतपासणी नव्हे, तर वेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातील मृत्युनोंदी हा होता. त्या नोंदींतून त्याने कर्करोगाने झालेले मृत्यू वेगळे काढले.

२/९
गर्भाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू विवाहित स्त्रिया आणि विधवा यांच्यात अधिक होते; अविवाहित स्त्रिया व मठातील जोगिणी यांच्यात फारच थोडे. स्तनांच्या कर्करोगात मात्र जोगिणींचे प्रमाण अधिक होते. म्हणजे मठाच्या भिंती सर्वच कर्करोगांपासून रक्षण करीत नव्हत्या.

३/९
या नोंदी जपून वाचाव्या लागतात. गर्भाशय आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांत त्या काळी भेद केला जात नसे. रोगजंतूंचा सिद्धान्तही अद्याप प्रस्थापित व्हायचा होता. तरीही वैवाहिक जीवनाशी या रोगाचा काय संबंध, हा प्रश्न वैद्यकापुढे कायमचा उभा राहिला.

४/९
संसर्गातून कर्करोग होतो, ही कल्पना दीर्घकाळ संशयास्पद मानली गेली. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी झाल्या. या शोधासाठी नोबेल मिळाले ते थेट १९६६ मध्ये, ५५ वर्षांनी.

५/९
१९७० च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत संशय होता तो हर्पिसच्या विषाणूवर. जर्मन संशोधक हाराल्ड त्सूर हाउझेन यांना मात्र तो गाठींत सापडेना. त्यांनी चामखिळीच्या विषाणूंचे कुळ, म्हणजे एचपीव्ही, तपासायला घेतले. १९८३ मध्ये या कुळातील १६ क्रमांकाचा आणि १९८४ मध्ये १८ क्रमांकाचा प्रकार गाठींत सापडल्याचे त्यांच्या गटाने प्रसिद्ध केले. या कर्करोगाचे सुमारे ७० टक्के रुग्ण याच दोन प्रकारांमुळे होतात.

६/९
पुरावा तोवर जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत होता. १९५१ मध्ये याच रोगाने मृत्यू पावलेल्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गाठीतील पेशी तिच्या संमतीविना घेतल्या गेल्या होत्या. 'हीला' नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या पेशींतही १८ क्रमांकाचा विषाणू निघाला.

७/९
कारण हाती यायला इतका काळ का लागला? हा संसर्ग अत्यंत सर्वसाधारण आहे आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्यांच्याच शरीरात तो टिकून राहतो. तेथे विषाणूची दोन प्रथिने पेशीची अनिर्बंध वाढ रोखणारी यंत्रणा निकामी करतात. संसर्ग आणि गाठ यांत अनेकदा दहा-वीस वर्षांचे अंतर पडते.

८/९
१९९९ मध्ये टाटा मेमोरियल आणि बार्शीचे कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात मोठे परीक्षण सुरू झाले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही चाचणीसाठी निवडलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. फक्त नेहमीची आरोग्यसेवा मिळालेल्या ३१,४८८ जणींच्या गटात ते ६४ होते. एकाच चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कोणतीही चाचणी न दिलेला गट ठेवणे नैतिक होते का, यावर पुढे तीव्र वाद झाला.

९/९
लस २००६ मध्ये आली, त्सूर हाउझेन यांना नोबेल २००८ मध्ये मिळाले, पुण्यात तयार होणारी लस २०२३ मध्ये बाजारात आली. तरीही भारतीय स्त्रियांमध्ये हा कर्करोग आजही दुसऱ्या क्रमांकावर आहे. वेरोनाच्या स्त्रिया कारण अज्ञात असताना गेल्या. उस्मानाबादच्या त्या ६४ जणी गेल्या, तेव्हा कारण उघड होऊन बराच काळ लोटला होता. या रोगाचा इतिहास लिहिताना हे दोन मृत्यू एकाच रकान्यात मांडता येत नाहीत.