पाठीवर लिहिलेलं कूळ

सिंगापूरच्या जू चियाट भागात कून सेंग रोड नावाचा छोटासा रस्ता आहे. 1920 च्या दशकातली दुमजली घरं तिथे एकमेकांना खेटून उभी आहेत. एक पिस्ता रंगाचं, शेजारचं गुलाबी, पुढचं आकाशी. येणारेजाणारे फोटो काढतात ते या रंगांचे. पण रंग काय, काही वर्षांनी पुन्हा लावता येतो. खरा ऐवज खिडक्यांखालच्या भिंतीत बसवलेला आहे: गुलाब आणि पिओनीची फुलं उठून दिसणाऱ्या, वीतभर लांबीरुंदीच्या चकचकीत टाइल्स. त्यांना सगळे ‘पेरानाकन टाइल्स’ म्हणतात.

मलय भाषेत ‘अनाक’ म्हणजे मूल. त्यावरून ‘पेरानाकन’, म्हणजे परक्या मुलखातून आलेल्यांची इथे जन्मलेली प्रजा. गर्भाशयालाही मलयमध्ये हाच शब्द आहे. मलाक्का, पेनांग, सिंगापूर इथे स्थिरावलेल्या चिनी व्यापाऱ्यांनी स्थानिक स्त्रियांशी लग्नं केली. त्या कुळांतला पुरुष ‘बाबा’ आणि बाई ‘न्योन्या’. देव्हाऱ्यात चिनी पूर्वज, स्वयंपाकघरात मलय वाटण, असा त्यांचा संसार.

टाइल मात्र ना चिनी, ना मलय. ती इंग्लंडची. कोरडी माती साच्यात दाबून वस्तू घडवण्याचं पेटंट रिचर्ड प्रॉसरने 1840 मध्ये घेतलं आणि हर्बर्ट मिंटनने ते तंत्र टाइल्ससाठी वापरलं. मिंटनच्याच कारखान्याने 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात ‘माजोलिका’ नावाची रंगीत झिलई मांडली. साच्यातूनच टाइलवर नक्षीच्या उंच रेषा उमटतात. वाफ्याच्या बांधाने पाणी अडावं तशी त्या रेषांनी झिलई अडते आणि भट्टीत वितळली तरी लाल रंग हिरव्यात शिरत नाही.

सिंगापूरच्या दमट हवेत चुन्याच्या भिंतीवर शेवाळ धरतं. टाइलवर एक ओलं फडकं पुरतं. शिवाय या घरांपुढे पाचफुटी पडवी असते आणि बऱ्याच ठिकाणी तीच रहदारीची वाट. त्यामुळे दाराशी लावलेलं वैभव वाटसरूंच्या नजरेत भरतं. बाबा मंडळींनी टाइल्स उचलल्या त्या या दोन्ही कारणांनी.

पहिल्या महायुद्धात युरोपचा माल अडला आणि बाजार जपानने धरला. अवाजी बेटावरच्या आणि इतर कारखान्यांनी आधी इंग्लिश नमुने गिरवले, मग गिऱ्हाईक पाहून नक्षी बदलली. हिंदुस्थान हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. आपल्यासाठी त्यांनी देवदेवतांच्या टाइल्स काढल्या, त्याही राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या धर्तीवर. ज्या छापील चित्रांनी हे देव घरोघरी नेले, त्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला होता. म्हणजे मुंबईत छापलेल्या लक्ष्मीचं रूप जपानच्या भट्टीतून भाजून परत आपल्याच भिंतींवर आलं.

दुसऱ्या महायुद्धाबरोबर हा व्यापार आटला. पुढे सिंगापुरात जुन्या चाळवजा इमारती पाडल्या गेल्या आणि टाइल्सही राडारोड्यात गेल्या. जू चियाटला 1993 मध्ये वारसा म्हणून संरक्षण मिळालं, म्हणून तिथल्या तरी राहिल्या.

आपल्याकडे जुनं घर किंवा देऊळ दुरुस्तीला निघतं, तेव्हा अशी एखादी टाइल हाती येऊ शकते. ती फेकण्याआधी उलटी करून पाहा. पाठीवर ‘मेड इन जपान’ उमटलेलं असेल, तर ती कून सेंग रोडवरच्या टाइल्सची सख्खी बहीण आहे.