अडीचकी आणि शून्य दशांश शून्य पाच

२०१९ च्या जूनमध्ये माझी मुलगी दुसरीत गेली आणि त्याच महिन्यात महाराष्ट्रभर एकच विषय पेटला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आणि ‘बावीस’च्या जोडीला ‘वीस दोन’ असं वाचन दिलं होतं. मराठी बुडाली, असा गलका झाला. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरून कोटी झाली. मोबाइलवर विनोदांचा पूर आला आणि त्यातले चारपाच मीही पुढे ढकलले. हे आधीच कबूल करतो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मोशीतल्या आमच्या घरी मुलीला अंक सांगत होतो. ‘बावन्न’ म्हणालो, तिने २५ लिहिलं. खोडायला लावून पुन्हा सांगितलं, पुन्हा २५. मी चिडलो. शेजारच्या बांधकामावरच्या कुटुंबातला, तिच्याच वयाचा मुलगा आमच्याकडे खेळायला यायचा. मूळचे कलबुर्गीकडचे, घरी कन्नड. त्याने शांतपणे ५२ लिहिलं आणि पुटपुटला, ‘ऐवत्तेरडु’. पन्नास-दोन. त्याच्या भाषेत पाच आधी येतो, हातही पाच आधी लिहितो. आमच्या ‘बावन्न’मध्ये ‘बा’ आधी, म्हणजे दोन आधी. मुलगी ऐकलं तसंच लिहीत होती.

तेव्हा मला माझे आजोबा आठवले. त्यांना पुस्तकातलं ते ‘वीस एक’ दाखवलं असतं तर त्यांनी नुसती पाटी आपटली असती.

आजोबा खेड तालुक्यातले, शिक्षण चौथीपर्यंत. चाकणच्या बाजारात कांदा नेत असत. तीसपर्यंतचे पाढे पाठ होतेच, त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. (देहू-आळंदीच्या या मुलखात औट निराळा सांगायला नको, संतांच्या भाषेत देहाला साडेतीन हातांचंच माप आहे.) लहानपणी मला हा सगळा निव्वळ छळ वाटायचा. साडेतीनाचा पाढा कोणाला लागतो?

बाजारात लागायचा. मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा. एक आणा शेर भाव असेल तर मणाचे चाळीस आणे, म्हणजे अडीच रुपये. म्हणून शेराचा भाव जितके आणे, त्याला अडीचकी लावली की मणाचे रुपये हातात. चार आणे शेर? अडीच चोक दहा. सहा आणे? अडीच सक पंधरा. व्यापारी वही उघडेपर्यंत आजोबांचा आकडा तयार. पंतोजींच्या धूळपाटीपासून चालत आलेला हा अभ्यासक्रम बाजाराने घडवला होता आणि रोज संध्याकाळी बाजारच त्याची परीक्षा घेई.

या परीक्षेत नापास होण्याची किंमत पुणे जिल्ह्याने मोजलेली आहे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात आलेल्या या प्रकरणात राग निघाला तो मुख्यतः कागदावर. ज्या कागदावरचं व्याज आपल्याला मोजता येत नाही, त्याचं दुसरं करायचं काय? १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, असं बंधन आलं. चांगलं झालं, पण ती पावती वाचणार कोण?

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं, याची त्यात यादीच आहे: मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिपींचं वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. पहिल्यांदा वाचताना मी ‘हिशेब’ या शब्दावरून सहज पुढे गेलो होतो. सुप्याचं प्रकरण डोक्यात ठेवून वाचलं तेव्हा मोडी आणि हिशेब शेजारी शेजारी का आहेत, ते मला कळलं. सावकारी दस्तऐवज मोडीत असत. फुले स्वतः बांधकामाच्या ठेकेदारीत होते, बिलं आणि मजुरी त्यांना ठाऊक होती. त्यांच्या यादीतलं गणित हे फसवलं न जाण्याचं गणित आहे, असं मी समजतो.

मग बाजारच बदलला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. आजोबांची अडीचकी एका रात्रीत म्हातारी झाली. इकडे पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी होती, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ज्वारीच्या रानांतून कारखान्यांच्या शेड वर आल्या. नव्या बाजाराचं गणित दशांशाचं होतं.

माझे वडील याच गणितावर वाढले. आयटीआयमधून टर्नर झाले, भोसरीतल्या एका शेडमध्ये लेथवर लागले. शाळेत त्यांनी दशांश शिकले ते असे: दहाने गुणा, टिंब उजवीकडे सरकवा, दहाने भागा, डावीकडे. मार्क चांगले पडायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगवर ०.०५ ची सूट होती, ती त्यांनी ०.५ धरली. भोक पाच सूत मोठं नव्हतं, अर्धा मिलीमीटरही नव्हतं, पण शंभरेक नग भंगारात गेले आणि पगारातून पैसे कापले गेले. त्या रात्री आजोबांनी विचारलं म्हणे, ‘पाव आणि पाऊण यांत कोणी चुकतं का रे?’

वडिलांनी हे मला कैकदा सांगितलं, प्रत्येक वेळी हसून. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आजोबांच्या घोकंपट्टीतल्या प्रत्येक शब्दाला वजन होतं, कारण पाव शेर त्यांच्या हाताने तोललेला होता. वडिलांच्या टिंबाला वजनच नव्हतं. बाजार गेला आणि घोकणं तेवढं उरलं.

म्हणून २०१९ चा वाद मला आता वेगळा दिसतो. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, संख्याशास्त्राच्या नव्हे, अंकशास्त्र या शुद्ध गणिताच्या शाखेच्या अभ्यासक आणि ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्या सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही दिले आहेत; जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अडखळणाऱ्या मुलाला एक सोपी वाट दिली आहे. नॉर्वेने १९५१ मध्ये हेच केलं होतं, तेही टेलिफोनसाठी: नंबर सांगताना घोटाळे नकोत म्हणून ‘दोन-आणि-पन्नास’चं अधिकृतपणे ‘पन्नास-दोन’ झालं. त्याने नॉर्वेजियन भाषा मेली नाही.

पण दुसरी बाजूही इथेच, चाकणला आहे. तिथे जर्मन मोटारींचे कारखाने आहेत आणि जर्मन माणूस अजूनही ‘दोन-आणि-पन्नास’च म्हणतो. त्याचं मायक्रॉनमध्ये काही बिघडलेलं नाही. तेव्हा सगळा दोष ‘बावन्न’वर टाकायलाही मी तयार नाही. पाच दहांच्या जुड्या आणि वर दोन काड्या, हे हाताला कळलं की नाव कोणतंही चालतं. मुलीचं ५२ शेवटी आगपेटीच्या काड्या आणि रबरबँडवर सुटलं, दोन दिवसांत.

ती पाचवीत गेली तेव्हा वहीत दशांश आले. ‘टिंब डावीकडे सरकवा’ हे वाक्य ऐकून वडील आतल्या खोलीतून त्यांचा जुना व्हर्निअर घेऊन आले. तिच्याच वहीची दहा पानं एकत्र करून जबड्यात धरली. आकडा आला ०.७०.

‘आणि एक पान?’

तिने बराच वेळ पानाकडे पाहिलं, मग बोटांत चुरगाळून पाहिलं. ‘शून्य दशांश शून्य सात.’

मग तिला स्वतःचा केस मोजायचा होता. व्हर्निअरवर तो नीट धरता येईना, तेव्हा वडील मायक्रोमीटर शोधायला माळ्यावर चढले.