शून्य दाखवणारा चिमटा: क्लॅम्प मीटरचा इतिहास आणि 'करंट नाही' म्हणण्यातला धोका

मराठीत 'करंट' हा शब्द दोन कामं करतो. "बोर्डाला हात लावू नको, करंट आहे" असं आपण म्हणतो तेव्हा मनात विद्युतदाब असतो. "मोटर किती करंट घेते?" असं विचारतो तेव्हा विद्युतधारा. घरात हा घोळ चालून जातो. पण हातात क्लॅम्प मीटर आहे, स्क्रीनवर ०.० आलंय आणि शेजारचा म्हणाला "करंट नाही", तर त्याचं वाक्य शब्दशः खरं असतं आणि तरीही त्यावर विसंबून तारेला हात लावला तर माणूस जाऊ शकतो. यंत्रमाग थांबलेला आहे, स्टार्टर उघडा आहे, म्हणून धारा शून्य. स्टार्टरपर्यंत आलेल्या तिन्ही फेजमध्ये मात्र पूर्ण ४१५ व्होल्ट उभे आहेत. मीटर खोटं बोललेलं नाही. आपण त्याला धारेबद्दल विचारलं आणि उत्तर दाबाबद्दलचं समजलो.

संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना या साध्या उपकरणाचा इतिहास सांगावासा वाटतो, तो या शून्यामुळेच. क्लॅम्प मीटर बऱ्याच वेगवेगळ्या कारणांनी शून्य दाखवतं, आणि त्यातल्या प्रत्येक कारणामागे भौतिकशास्त्राचा एक तुकडा आहे.

आधी सोलापूरचं बघू. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी मिल, वाफेच्या जमान्यातली. वाफेवरच्या कापड गिरणीची रचना सगळीकडे साधारण सारखी असायची: एक मोठं इंजिन, त्यावर फिरणारा लांब शाफ्ट आणि शाफ्टवरून प्रत्येक मागाला गेलेला पट्टा. अशा व्यवस्थेत "हा एक माग किती शक्ती खातो?" हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. मोजलं जायचं ते इंजिन. पुढे प्रत्येक मागाला स्वतःची मोटर आली, आणि चादरी-टॉवेलचं विणकाम छोट्या शेडमधल्या यंत्रमागांवर गेलं, तेव्हा हा प्रश्न रोजचा झाला. एखादी मोटर तापतेय, एका फेजवर भार जास्त येतोय, बेअरिंग धरतंय, या सगळ्याची पहिली खूण धारेत दिसते.

धारा मोजायची जुनी रीत मात्र त्रासाची. अँमीटर हा परिपथात एकसरीत जोडावा लागतो. म्हणजे पुरवठा बंद करा, तार सोडा, मधे मीटर घाला, पुन्हा चालू करा, वाचन घ्या, आणि हे सगळं परत उलटं करा. चालू लूम दिवसातून चार वेळा कोण थांबवणार? शिवाय मल्टीमीटरवर धारा मोजताना लाल प्रोब '१० अँपिअर'च्या भोकात घालावा लागतो. वाचन झाल्यावर तो तिथेच विसरला आणि पुढचा माणूस त्याच मीटरने व्होल्टेज बघायला गेला, तर मीटरचा रोध जवळपास शून्य असल्याने दोन फेजमध्ये थेट शॉर्ट होतो. आत योग्य फ्यूज नसेल तर ठिणगीवर भागत नाही, हातात स्फोट होतो. क्लॅम्प मीटरने खरी सुरक्षितता दिली ती इथे. धारा मोजायला तार तोडायची गरज उरली नाही आणि ते घातक भोकही गेलं.

तार न तोडता धारा कळू शकते, याची पहिली चाहूल १८२०ची. कोपनहेगनमध्ये ओरस्टेडला दिसलं की तारेतून धारा गेली की जवळची होकायंत्राची सुई वळते. सप्टेंबरमध्ये ही बातमी पॅरिसला पोचली आणि अँपिअर कामाला लागला. आज त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की तारेभोवती कुठल्याही बंद वाटेने फिरून चुंबकीय क्षेत्राची बेरीज केली, तर ती त्या वाटेच्या आतून जाणाऱ्या एकूण धारेवर ठरते. मीटरचा जबडा म्हणजे ही बंद वाटच, लोखंडाने आखलेली. म्हणूनच तार जबड्यात थोडी इकडेतिकडे असली तरी वाचन फारसं बदलू नये. प्रत्यक्षात जबड्याच्या सांध्यात बारीक फट असते, कधी तिथे धूळ-सूत अडकतं (आपल्याकडे सुताला काय तोटा!), म्हणून तार मध्यभागी ठेवायची आणि जबडा नीट मिटलाय की नाही ते बघायचं.

'एकूण धारा' यातला 'एकूण' हा शब्द विसरला की दुसरं शून्य भेटतं. नवखा विद्यार्थी टेबल फॅनची अख्खी वायर जबड्यात धरतो. फेजमधून जेवढी धारा जाते तेवढीच न्यूट्रलमधून परत येते, बेरीज शून्य. पंखा गरगर फिरतोय आणि मीटर म्हणतं ०.०. तीन फेज मोटरच्या तिन्ही तारा एकत्र धरल्या तरी तेच. मोजायची असेल ती एकच तार जबड्यात हवी.

धारा प्रत्यक्ष वाचण्याची युक्ती आली फॅरडेच्या कड्यातून. २९ ऑगस्ट १८३१ला त्याने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. पहिल्यात धारा सोडताना आणि तोडताना दुसऱ्यातला काटा हलला, मधल्या स्थिर काळात हलला नाही. आपल्या मीटरमध्ये पहिलं वेटोळं म्हणजे जबड्यातून गेलेली एक तार, एकच वेढा. दुसरं वेटोळं जबड्यावर, समजा १००० वेढ्यांचं. तारेतून १०० अँपिअर गेले तर आत ०.१ अँपिअर येतात आणि तेवढे मोजणं सोपं. १९३०च्या दशकापासून उघडमिट होणाऱ्या जबड्याचे असे अँमीटर वापरात आले. इंग्रजीत त्यांना चिमट्यावरून 'टाँग' नाव पडलं, आणि आपले जुने वायरमन अजूनही 'टाँग टेस्टर'च म्हणतात. दुकानात 'क्लॅम्प मीटर' मागितलं आणि समोरच्याला कळलं नाही, तर हा शब्द वापरून बघा.

न उघडणारं तेच कडं म्हणजे सबस्टेशनमधला करंट ट्रान्सफॉर्मर, सीटी. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड देशाच्या उरलेल्या ग्रिडशी एका वारंवारितेवर जोडलं गेलं. आपल्या गावाचं नाव वीज अभियांत्रिकीच्या पुस्तकात या एका ओळीमुळे येतं. त्या तारेला अर्थातच कोणी चिमटा लावत नाही, पण मोजण्याचं तत्त्व हेच. फक्त एक गोष्ट पाठ असू द्या: चालू सीटीचं दुय्यम वेटोळं कधीही उघडं करायचं नाही. ते उघडं झालं की प्राथमिक धारा सगळीच्या सगळी गाभ्याला चुंबकित करण्यात लागते आणि उघड्या टोकांवर जीवघेणा दाब तयार होतो. पॅनेलमध्ये २००/५चा सीटी असेल तर त्याच्या दुय्यम तारेला बाहेरून क्लॅम्प लावा आणि वाचनाला ४० ने गुणा. स्क्रू सैल करायचं काही कारण नाही.

फॅरडेच्या कड्याची मर्यादा म्हणजे तिसरं शून्य. बदलती धारा असेल तरच ते बोलतं. सौर पॅनेलच्या केबलमधून ९ अँपिअर एकदिश धारा वाहत असताना फक्त एसी मोजणारा क्लॅम्प लावला तर तो शांतपणे शून्य दाखवतो. त्यावर विश्वास ठेवून कोणी कनेक्टर ओढला, तर डीसीचा आर्क पेटतो. एसीची धारा सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते म्हणून तिचा आर्क विझायला मदत होते, डीसीला ती सवलत नाही.

यावरचा उपाय एका पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने शोधला, तेही क्लॅम्प मीटर वगैरे काही मनात नसताना. एडविन हॉल, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ, मार्गदर्शक हेन्री रोलंड. मॅक्सवेलचा १८७३चा ग्रंथ वाचताना हॉल एका विधानाशी अडला: चुंबकाचं बल तारेवर लागतं, तारेतल्या धारेवर नाही. हॉलला ते पटेना. बल धारेवरच लागत असेल तर धारा तारेच्या एका कडेला ढकलली जाईल, तेवढी जागा कमी होईल, म्हणजे रोध वाढायला हवा. त्याने जर्मन सिल्व्हरच्या तारेचं चपटं वेटोळं करून चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवलं आणि मोजलं. काही नाही. शून्य.

बरेच जण इथे वही मिटतात. हॉलने प्रश्न बदलला. कदाचित धारा ढकलली जातेय, पण सरकत नाही, नुसता दाब देतेय. मग रोध कशाला मोजायचा? पट्टीच्या दोन कडांमध्ये विभवांतर येतं का ते बघू. जाड धातूवर पुन्हा काही दिसलं नाही. रोलंडनेही पूर्वी असाच प्रयत्न केला होता आणि त्यालाही यश आलं नव्हतं, पण आता त्याने सुचवलं की काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख घेऊन बघ. ऑक्टोबर १८७९मध्ये गॅल्व्हानोमीटरची सुई हलली, आणि महत्त्वाचं म्हणजे हललेलीच राहिली. क्षणभर हलून परतली असती तर तो फॅरडेचा प्रवर्तनाचा परिणाम ठरला असता. ती टिकून राहिली म्हणून ही गोष्ट नवी होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ नोव्हेंबरला, मॅक्सवेल वारला. हॉलला १८८०मध्ये पीएच.डी. मिळाली.

सोन्याच्या वर्खावरचा दाब इतका सूक्ष्म की त्यातून हातात धरायचं यंत्र होणं शक्य नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यात अर्धवाहक आले. त्यांच्यात वाहक कमी असल्याने तेवढ्याच धारेला हॉल व्होल्टेज खूप मोठं मिळतं. जबड्याच्या फटीत असा एक तुकडा बसवला की एकदिश धाराही वाचता येते. ही चुंबकीय मोजणी असल्यामुळे पृथ्वीचं क्षेत्र आणि गाभ्यात उरलेलं चुंबकत्वही त्यात येतं. म्हणून डीसी मोजण्याआधी जबडा रिकामा ठेवून 'झिरो'चं बटन दाबायचं. तार आत असताना दाबलं, तर वाहती धाराच शून्य धरली जाते. घ्या, चौथं शून्य!

डिजिटल पडदा आल्यावर नवी अडचण झाली. काटा थरथरायचा, त्यामुळे शंका यायची. आकडे ठाम दिसतात. समजा एक एचपीच्या मागाची मोटर, पूर्ण भारावर साधारण २ अँपिअर घेणारी. मीटर ४०० अँपिअरचं, अचूकता २ टक्के अधिक ५ अंक, शेवटचा अंक ०.१ अँपिअरचा. चूक किती असू शकते? २ चे २ टक्के म्हणजे ०.०४, अधिक ५ अंक म्हणजे ०.५. एकूण ०.५४, म्हणजे सत्तावीस टक्के. जाहिरातीतला 'दोन टक्के' कुठे गेला? अशा वेळी पुरवठा बंद करून, इन्सुलेटेड तारेला पुरेशी सैल लांबी असेल तर जबड्यातून तिचे १० वेढे घ्या. वाचन २० येतं, चूक ०.९, दहाने भागल्यावर ०.०९, म्हणजे साडेचार टक्के. शोधनिबंधात अनिश्चितता लिहिताना हा हिशोब केलेला असला पाहिजे.

आता मीटरवरचं 'कॅट' हे अक्षर, कारण खरेदी करताना सगळे फक्त व्होल्ट बघतात. आयईसी ६१०१० या मानकमालिकेत मीटरची परीक्षा येऊन धडकणाऱ्या लाटेने होते, म्हणजे वीज पडल्यावर किंवा मोठी मोटर तोडल्यावर तारेतून येणाऱ्या क्षणिक उच्च दाबाने. कॅट २, १००० व्होल्टच्या मीटरला ६००० व्होल्टची लाट १२ ओहमच्या स्रोतातून देतात, धारा ५०० अँपिअर. कॅट ३, ६०० व्होल्टच्या मीटरला तेवढीच लाट २ ओहममधून, धारा ३००० अँपिअर. म्हणजे डब्यावर हजार लिहिलेलं मीटर सहाशेवाल्यापेक्षा दुबळं असू शकतं. भिंतीच्या सॉकेटवर चालणाऱ्या साधनांसाठी कॅट २ पुरतं, शेडमधल्या डीबीला आणि तीन फेज मोटरला कॅट ३ हवं, बाहेरून येणाऱ्या सर्व्हिस वायरला आणि मीटरपेटीला कॅट ४. प्रोबवरचा आकडाही बघा, कारण मीटर आणि प्रोब यांपैकी जो कमी असेल तोच लागू.

आणि प्रोब लागतातच. तार मेलेली आहे का, हे जबडा कधीच सांगू शकत नाही, ते व्होल्टेज मोजूनच कळतं. तेही एकदा नाही. आधी माहीत असलेल्या चालू जागी मीटर तपासा, मग बंद केलेल्या जागी प्रत्येक फेज-फेज, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ बघा, मग पुन्हा त्या चालू जागी. मधल्या वेळेत बॅटरी संपली किंवा प्रोबची तार आतून तुटली, तर शेवटच्या वाचनात ते पकडलं जातं. 'होल्ड'चं बटन दाबलेलं नाही ना, हेही तेव्हाच कळतं. नुसत्या टीं-टीं वाजणाऱ्या स्पर्शविरहित सेन्सरवर भिस्त नको: शील्ड असलेल्या केबलवर तो गप्प राहतो. जबड्याच्या मुळाशी असलेल्या उंच कडेच्या पुढे बोट जाऊ द्यायचं नाही, आणि उघड्या बसबारला क्लॅम्प लावणं हे विद्यार्थ्याचं काम नाही.

एक शून्य राहिलं, आणि तेच सगळ्यात उपयोगी. वर म्हटलं की फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले की बेरीज शून्य. ती शून्य नसेल, तर थोडी धारा तिसऱ्याच वाटेने, अर्थमधून किंवा ओल्या भिंतीतून, जातेय. गळती शोधायची हीच पद्धत, आणि आरसीसीबीही आत हेच करतो: एका कड्यातून दोन्ही तारा, फरक ३० मिलिअँपिअरच्या वर जायच्या आत पुरवठा तोड. पण ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३ अँपिअर. ०.१ अँपिअरचा अंक असलेल्या आपल्या नेहमीच्या मीटरवर ते ०.० असंच दिसेल. त्यासाठी मिलिअँपिअर वाचणारा वेगळा गळती-क्लॅम्प लागतो, किंमत बरीच जास्त, आणि विभागाच्या यादीत तो नसतो बहुतेक.